नाव तुमचे, बॉक्स रूम माझी

प्रति,
मा. भागीदारी विभागप्रमुख,
(विद्यापीठाच्या नावाची जागा कोरी सोडली आहे. ज्यांचा दर परवडेल, त्यांनी भरून घ्यावी.)

विषय : राहत्या घरात आपले सहयोगी महाविद्यालय काढण्याबाबत.

महोदय / महोदया,

स. न. वि. वि.

मी डब्लिनजवळ लुकनला राहणारा मराठी गृहस्थ आहे. नोकरी बरी आहे, घराचे हप्ते चालू आहेत आणि घरात एक बॉक्स रूम आहे. बॉक्स रूम म्हणजे आयरिश घरातली सर्वांत लहान खोली. तिच्यात पलंग ठेवला की दार पुरते उघडत नाही. या खोलीत आपल्या विद्यापीठाचे सहयोगी महाविद्यालय सुरू करू द्यावे, अशी नम्र विनंती आहे. जागेची काळजी नसावी. खाली मोबाइल दुरुस्तीवाला, वर केस कापणारा आणि मधल्या मजल्यावर ‘बिझनेस स्कूल’, अशी सोय शहरात मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे. माझ्याकडे निदान मागच्या बाजूला हिरवळ आहे. माहितीपत्रकात तिला बेधडक कॅम्पस म्हणता येईल.

अर्ज हसण्यावारी नेण्याआधी आपण आपल्याच देशाचा इतिहास आठवावा. एकाने शिकवायचे आणि दुसऱ्याच्या नावाने पदवी द्यायची, ही प्रथा इथे चांगलीच जुनी आहे. १८५४ साली जॉन हेन्री न्यूमन यांनी डब्लिनमध्ये कॅथलिक विद्यापीठ काढले. प्राध्यापक होते, विद्यार्थीही थोडेफार होते. नव्हती ती राणीची सनद. सनद नाही म्हणून पदवी देता येईना. अखेर १८८० मध्ये रॉयल युनिव्हर्सिटी स्थापन झाली आणि कोंडी फुटली. ही युनिव्हर्सिटी स्वतः शिकवत नसे, फक्त परीक्षा घेई. मुलींनाही तिची दारे उघडी होती आणि १८८४ मध्ये नऊ जणी तिच्या पदवीधर झाल्या. जेम्स जॉइस यांना १९०२ मध्ये मिळालेली बी.ए. याच रॉयल युनिव्हर्सिटीची. ते शिकले मात्र सेंट स्टीफन्स ग्रीनवरच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात.

आम्हा मराठी माणसांना यात काही नवल नाही. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये लंडनच्या धर्तीवर निघाले, तेही परीक्षा घेण्यापुरतेच. टिळक शिकले पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आणि पदवी घेतली मुंबई विद्यापीठाची. संलग्नतेच्या शास्त्रात आमच्या पिढ्या मुरल्या आहेत. विद्यापीठाची लोकल इन्क्वायरी कमिटी तपासणीला येण्याच्या आदल्या रात्री शेजारच्या महाविद्यालयातून टेम्पो भरून पुस्तके उसनी आणणे, प्रयोगशाळेतल्या उपकरणांवरची दुसऱ्याची चिठ्ठी नखाने खरवडून काढणे, पाहुण्यांच्या जेवणात बासुंदी की श्रीखंड याचा रीतसर ठराव करणे, हा अनुभव कोणत्याही आयरिश अर्जदाराकडे नसेल. त्याबद्दल मला जादा गुण द्यावेत.

आपल्या इतिहासातले दुसरे उदाहरण तर मला माझ्यासाठीच घडल्यासारखे वाटले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ऑक्सफर्ड आणि केंब्रिजमध्ये मुली शिकत, परीक्षा देत, उत्तीर्ण होत. पदवी मात्र त्यांना मिळत नसे. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजने १९०४ मध्ये मुलींना प्रवेश दिला. या तिन्ही विद्यापीठांत एकमेकांच्या पदव्या मान्य करण्याचा जुना रिवाज होता. मग काय, १९०४ ते १९०७ या काळात सातशेहून अधिक बायका आगबोटीने आयरिश समुद्र ओलांडून डब्लिनला आल्या. शुल्क भरले, गाऊन चढवला, पदवी घेतली आणि परतीची बोट धरली. लोकांनी त्यांचे नावच ‘स्टीमबोट लेडीज’ ठेवले. ट्रिनिटीला त्यातून इतके पैसे मिळाले, की मुलींच्या वसतिगृहासाठी डार्ट्री भागातले ट्रिनिटी हॉल घेता आले.

हे वाचून मला हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. ट्रिनिटीत एकही तास न करता, पैसे भरून पदवी! त्या बायका बोटीने आल्या, आमची मुले विमानाने येतील, एवढाच काय तो फरक. पण आमच्या हिने पुस्तक हातातून ओढून घेतले आणि मी गाळलेले वाक्य मोठ्याने वाचून दाखवले. पदवीला लागणाऱ्या सगळ्या परीक्षा त्या बायका आपापल्या विद्यापीठात आधीच उत्तीर्ण झालेल्या होत्या. ऑक्सफर्डला त्यांना पदवी द्यायला १९२० साल उजाडले आणि केंब्रिजला १९४८, हा दोष त्या विद्यापीठांचा. बायकांच्या अभ्यासात काही उणे नव्हते. म्हणजे परीक्षा आधी आणि पैसे नंतर. हा क्रम माझ्या प्रस्तावाला गैरसोयीचा आहे, म्हणून इतिहास इथेच आवरतो.

आता व्यवहाराचे बोलू. गेल्या सुट्टीत भाच्याला घेऊन पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरच्या एका सल्लागारांकडे गेलो होतो. टेबलावर आयर्लंडचे गुळगुळीत माहितीपत्रक होते. मुखपृष्ठावर मोहरचे कडे, आत लाल रंगाचा जॉर्जियन दरवाजा. विद्यापीठाचे नाव बोटभर उंचीच्या अक्षरांत होते आणि मुलगा प्रत्यक्षात ज्या महाविद्यालयात बसणार, त्याचे नाव औषधाच्या बाटलीवरच्या सूचनेएवढ्या अक्षरांत तळाला होते. भाच्याने विचारले, “शिकवणार कोण?”

सल्लागार म्हणाले, “अरे, लेव्हल नाइन आहे! स्टॅम्प वन-जी, दोन वर्षं.”

“हो, पण विषय कोणते?”

“इनटेक सप्टेंबरचा घ्यायचा की जानेवारीचा?” आणि माझ्याकडे वळून, “काका, ऑफर लेटरचं टेन्शन घेऊ नका. आठ दिवसांत हातात.”

ज्यांची मुले अजून या वाटेला लागलेली नाहीत, त्यांच्यासाठी सांगतो. आयर्लंडने २००३ मध्ये सगळ्या शिक्षणाची दहा पायऱ्यांची शिडी केली. आठव्या पायरीवर ऑनर्सची पदवी, नवव्या पायरीवर मास्टर्स, दहाव्या पायरीवर डॉक्टरेट. शिकत असताना मुलगा स्टॅम्प २ या राहण्याच्या परवान्यावर असतो. त्यावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तास आणि ठरलेल्या सुट्टीत ४० तास काम करता येते. शिक्षण संपल्यावर नोकरी शोधायला स्टॅम्प १जी मिळतो, आठव्या पायरीवर एक वर्ष आणि नवव्या पायरीवर दोन. मूळ हेतू असा, की शिकलेल्या मुलाने इथे थोडा अनुभव घ्यावा. सल्लागारांनी त्या शिडीचा फक्त शेवट वाचला आहे.

त्यांचाच कित्ता गिरवून मी अभ्यासक्रम स्टॅम्पपासून मागे मागे आखत आणला आहे. नाव : ‘एमएससी इन इंटरनॅशनल बिझनेस विथ डेटा ॲनालिटिक्स अँड एआय’. विषय मागाहून ठरवू. सगळे तास गुरुवारी आणि शुक्रवारी कोंबू, म्हणजे उरलेल्या दिवसांत गोदामातले २० तास आरामात भरतील. गटप्रकल्पात पाच नावे असतील आणि काम एकाचे असेल. भावी व्यवस्थापकांना यापेक्षा अस्सल प्रशिक्षण कुठे मिळणार?

सध्या त्या बॉक्स रूममध्ये कोल्हापूरचा एक मुलगा भाड्याने राहतो. तोही अशाच एका भागीदारीत शिकतो आहे. परवा रात्रपाळी करून परस्पर आपल्या विद्यापीठाच्या वाचनालयात गेला. आपल्या म्हणजे, ज्याचे नाव त्याच्या पदवीवर येणार त्या. फाटकावर ओळखपत्र टेकवले, दिवा लाल लागला. पुन्हा टेकवले, पुन्हा लाल. चौकीवरच्या माणसाने कार्ड हातात घेतले, उलटसुलट पाहिले आणि अगदी मायेने सांगितले, की हे आमचे नव्हे, तू तुझ्या कॉलेजला विचार. त्याच्या कॉलेजातले वाचनालय म्हणजे एक कपाट आणि एक वायफायचा पासवर्ड. माझ्याकडे कपाटे दोन आहेत, याची कृपया नोंद घ्यावी.

आपल्याच देशातली काही मंडळी मात्र माझ्या अर्जाच्या आड येतात. नॅशनल युनिव्हर्सिटी ऑफ आयर्लंड ही १९०८ च्या कायद्याने झालेली. मेरियन स्क्वेअरमधल्या ४९ क्रमांकाच्या घरात तिचे कार्यालय आहे आणि तिथे वर्ग भरत नाहीत. तरी रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या मार्फत बहरीनमध्ये शिकलेल्या डॉक्टरांच्या पदवीवर तिचे नाव असते. मरीनो इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणारे शिक्षक ट्रिनिटीची पदवी घेतात, तर मेरी इमॅक्युलेटमधले लिमरिक विद्यापीठाची. नाव एकाचे आणि वर्ग दुसऱ्याचे, म्हणजे कागदावर हुबेहूब माझीच योजना. पण ही मंडळी नाव दिले की घरी जाऊन झोपत नाहीत. अभ्यासक्रमाचा आढावा घेतात, बाहेरचे परीक्षक बसवतात आणि नापासाला नापास म्हणतात. असल्या खोडींनी धंदा वाढत नाही, हे त्यांना कोणी तरी सांगायला हवे.

धंदा वाढवावा तो पलीकडच्या वेल्स विद्यापीठाने. त्याने जगभरातल्या शंभराहून अधिक संस्थांच्या अभ्यासक्रमांना आपले नाव दिले होते. मग २०१० मध्ये बीबीसीने दाखवले, की मलेशियातल्या एका भागीदार महाविद्यालयाचे प्रमुख पॉप गायक आहेत आणि त्यांच्या स्वतःच्या पदव्या खोट्या आहेत. त्यापाठोपाठ बँकॉकमधले एक भागीदार महाविद्यालय बेकायदा चालत असल्याचे उघड झाले. २०११ मध्ये विद्यापीठाला हा सगळा कारभार गुंडाळावा लागला. मला गाता येत नाही, ही माझी जमेची बाजू समजावी.

कुलूप लावण्याच्या बाबतीतही मी तयारी ठेवली आहे. २०१४ आणि २०१५ मध्ये डब्लिनमधल्या अनेक खासगी शाळा, मुख्यतः इंग्रजी शिकवणाऱ्या, एकामागून एक बंद पडल्या. पैसे भरलेली परदेशी मुले बंद दारासमोर उभी राहिली. इथल्या २०१२ च्या कायद्यात शुल्क घेणाऱ्या खासगी संस्थांसाठी तरतूद केली होती, की संस्था बंद पडली तर मुलांना दुसरीकडे सामावून घेण्याची किंवा पैसे परत करण्याची व्यवस्था आधीच केलेली असावी. माझी व्यवस्था सोपी आहे. मागचे दार गल्लीत उघडते.

भारताकडूनही आपल्याला त्रास होईल असे वाटत नाही. आमच्या यूजीसीने २०२२ मध्ये परदेशी विद्यापीठांबरोबरच्या संयुक्त आणि दुहेरी पदव्यांचे नियम केले. २०२५ च्या नियमांत तर स्वच्छ लिहिले, की फ्रँचायझी पद्धतीने मिळवलेली परदेशी पदवी समकक्ष मानली जाणार नाही. म्हणजे मुलगा उद्या परत येऊन पीएचडीला किंवा सरकारी नोकरीला उभा राहिला, तर त्याला त्या कागदाचे काय करायचे हा प्रश्न पडेल. पण ही ओळ मी त्या गुळगुळीत माहितीपत्रकात भिंग लावून शोधली, ती कुठेही नाही. तेव्हा आपण निश्चिंत असावे.

आता एकच अडचण उरते, ती भाच्याची. त्याने माझ्या प्रस्तावाच्या समासात पेन्सिलीने तीन प्रश्न लिहून ठेवले आहेत. वर्गात उभे राहून शिकवणार कोण? पेपर तपासणार कोण, आणि तो नापास करू शकतो का? महाविद्यालय बंद पडले तर ज्याचे नाव पदवीवर आहे, तो मला आपला म्हणेल का? या प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय तो एक युरोही भरणार नाही म्हणतो. आजकालची मुले फार चिकित्सक झाली आहेत. मी त्याला समजावले, की बाबा रे, एवढे प्रश्न आपण लग्नाच्या स्थळालाही विचारत नाही. तो म्हणाला, “मामा, विचारले असते तर बरं झालं असतं.” यावर आमची ही नको तितके हसली.

म्हणून एक विनंती. भागीदारीचे शुल्क या अर्जासोबत जोडलेले नाही. आधी आपण लुकनला यावे आणि हेच तीन प्रश्न मला विचारावेत. मी उत्तीर्ण झालो तर पैसे भरीन. आपल्या विभागात हा क्रम चालत नसेल, तर माझा अर्ज रद्द समजावा आणि भाच्याचाही.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक होऊ घातलेला प्राचार्य

ता. क. : हा अर्ज अजून पाठवलाही नव्हता, तोच आपल्या सल्लागारांची “हार्दिक अभिनंदन!” अशी मेल आली. माझ्या महाविद्यालयाची निवड झाली आहे. अनामत रक्कम शुक्रवारपर्यंत भरायची आहे.