सत्तावीसचे बप्पा

आमच्या बप्पांसमोर चहाचा ग्लास ठेवताना माणसानं मन घट्ट करावं. दोन घोट पोटात गेले की ते ग्लास नजरेच्या रेषेत उचलतात, खालून तळ बघतात, उरलेला चहा बशीत रिकामा करतात आणि खिशातलं दहाचं नाणं ग्लासात सोडतात. "सत्तावीसला बसतंय का बघू." मग ग्लास हलवायचा. नाणं तळाशी जास्त खुळखुळलं तर घर नापास. टेकण्याआधीच अडकलं तरी नापास. टेकलं आणि जागच्या जागी जेमतेम डुललं तर मात्र पास. आणि पास झालेल्या घरात संध्याकाळी ग्लास मोजले की सहाचे पाच भरतात. गायब करायची एवढी एकच जादू बप्पांना बिनचूक जमते, असं गल्लीतल्या बायकांचं मत आहे.

हा माणूस तुमच्याही ओळखीचा असणार. बारशाला येऊन बाळाच्या कानातून रुपया काढणारा, भर पंगतीत 'एक पत्ता काढा' म्हणणारा आणि तो पत्ता सोडून बाकीचे एकावन्न ओळखणारा. पण इतर गावांतली ही मंडळी पत्त्यांवर भागवतात. आमचे बप्पा नाण्यावाले. हयात एसटीत कंडक्टर म्हणून गेली. गळ्यात चामडी पिशवी आणि रोज सुट्ट्यांवरून वाद. पण कुणाचे आठ आणे त्यांनी ठेवून घेतले नाहीत. तिकिटामागे बाकी लिहून द्यायची आणि पुढच्या बाजाराला त्या माणसाला हुडकून पैसे हातावर टेकवायचे, असा हिशोब. निवृत्त झाल्यावर लोक तुळजापूरच्या वाऱ्या वाढवतात. बप्पांनी नाणी गायब करायला घेतली. शाळेत असताना पुण्याच्या जादूगार रघुवीरांचा प्रयोग बघितला तेव्हापासून हे डोक्यात होतं म्हणे, पण नोकरीत असताना करता येईना. कंडक्टरनं पैसे गायब केले तर त्याला कुणी जादू म्हणत नाही.

खेळ जुना आहे, एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी पुस्तकांतही सापडतो. रुमालात नाणं धरायचं, पाण्यानं भरलेल्या ग्लासावर न्यायचं आणि सोडायचं. टण्. रुमाल काढला की ग्लासात नुसतं पाणी. खरं नाणं जादूगाराच्या तळहातात राहतं आणि टण् वाजते ती नाण्याएवढी काचेची चकती. पाण्यात काच दिसत नाही. निदान दिसू नये. पाण्याचा अपवर्तनांक 1.33, साध्या काचेचा 1.5 च्या आसपास, म्हणजे हवेत जेवढी काच उठून दिसते तेवढी पाण्यात दिसत नाही. तरी कड चमकतेच. ती लपवायची तर चकती ग्लासाच्या तळाला नेमकी बसली पाहिजे. म्हणून ग्लासांची ती छळवणूक. नाणं दहाचंच का, तर ते मोठं, दोन रंगांचं, मागच्या रांगेतूनही ओळखू येणारं. व्यास 27 मिलिमीटर. बप्पांच्या पुढच्या आयुष्याचा व्यासही तोच.

आधी ते चष्मेवाल्याकडं गेले.

"सत्तावीसची काच पायजे."

"अधिक का वजा?" असं विचारून चष्मेवाल्यानं बप्पांच्या डोळ्यांकडं काळजीनं बघितलं.

"नंबर न्हाई बाबा, माप हाय. नंबर झिरो."

"झिरोला काच कशाला लागतीय बप्पा? आन् आता काच ऱ्हायलीय कुठं, सगळं फायबर."

फायबरची चकती आणून बघितली. ती पाण्यात डुलत डुलत खाली जाते आणि तळाशी पोचली तरी कुणाला कळवत नाही. बप्पांना टण् पाहिजे. घड्याळवाल्याकडं अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरच्या फरकानं गोल काचा मिळतात, हे कळल्यावर त्यांनी व्हर्नियर कॅलिपर विकत घेतला आणि त्या दुकानात अख्खा दिवस काढला. गिऱ्हाइकांना वाटलं, सरकारी तपासणी आली. पण घड्याळाची काच पातळ. तालमीतच तिचे दोन तुकडे झाले.

व्हर्नियर मात्र खिशात कायमचा राहिला आणि गावाला नवा ताप झाला. कुंथलगिरीचा पेढा समोर आला की आधी माप. सुनेच्या माहेरहून आलेल्या पाहुणीच्या कपाळावरची टिकली केवढी, हे त्यांनी लांबूनच अदमासलं, म्हणून लग्न टिकलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळी टेबलावर झोपल्या झोपल्या त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "जी काच बसवलालाव ती केवढी हाय?" डॉक्टर म्हणाले, सहा मिलिमीटर. "येवढी भारी काच," बप्पा आजही हळहळतात, "पर साईज गेली वाया."

खरी चकती सापडली ती काचवाल्याकडं. हिऱ्याच्या कलमानं सरळ रेघ कापता येते. एवढासा गोल कापायला गेलं की काच आपल्या मनानं फुटते. पण काचवाल्याकडं भोक पाडायचं गोल पातं होतं, हिऱ्याचा लेप दिलेलं, वरून पाण्याची धार सोडत चालवायचं.

"भोक कुठं पाडू?" त्यानं विचारलं.

"कुठंबी पाड. भोक ठेव तुला. मला भोकातलं पायजे."

"ते तर आम्ही फेकून देतो."

बप्पा मटकन खाली बसले. तीसच्या पात्यातून सत्तावीस-अठ्ठावीसची चकती निघते, आणि अशा चकत्या त्या दुकानामागच्या ढिगाऱ्यात कधीपासून पडलेल्या. मग घासणं सुरू झालं. पॉलिश पेपर संपला तेव्हा त्यांनी देवघरातली सहाण उचलली. बप्पांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकूंनी, तेवढ्यावरून जो आवाज केला तो पुढच्या गल्लीत ऐकू गेला. "देवाला आता काचंचं गंध लावू का?"

चकती तयार झाली तोवर सरकार आडवं आलं. 2019 च्या नव्या मालिकेत केंद्र सरकारनं दोनचं नाणं 25 वरून 23 मिलिमीटरवर आणलं आणि पाचचं 23 वरून 25 वर नेलं. दहाचं 27 च राहिलं, पण बप्पांचा विश्वास उडाला. "आज ह्यांची अदलाबदल केली, उद्या आपल्यावर येतील." पुढं वीसचं नाणं आलं, तेही 27 चंच, पण बाराकोनी. बप्पांनी त्या बारा कोनांचा राग व्यक्तिशः धरला आहे.

एकदा त्यांना घेऊन तेरला गेलो. हे प्राचीन तगर. दोन हजार वर्षांपूर्वी इथला माल भडोचच्या बंदरापर्यंत जायचा. ग्रीक प्रवासवर्णनात या गावाचं नाव आहे. लामतुरे संग्रहालयात लोक मूर्ती बघतात. बप्पांना मी तिथं दोनच गोष्टी सांगितल्या: तेरच्या जमिनीतून काचेचे मणी निघालेत, आणि रोमन नाण्यांवरून ठसा घेतलेल्या मातीच्या नकलाही निघाल्यात. बप्पा उजळले. "म्हंजे काच बी हितंच, आन् डुप्लिकेट नाणं बी हितंच. मग मी काय येगळं करलालो?" एवढं बोलून त्यांचा हात खिशातल्या व्हर्नियरकडं गेला, आणि मी त्यांना बाहेर काढलं.

आता प्रयोगांविषयी. बप्पांचा प्रयोग कधीच यशस्वी होत नाही, कारण तो त्यांना यशस्वी होऊ द्यायचा नसतो. नाणं गायब झालं, टाळी पडायच्या बेतात आली की ते स्वतःच बोटं पाण्यात घालून चकती बाहेर काढतात. "हे बघा. ही कड बघा. हात लावून बघा." लोकांना फसवलं गेल्याचा आनंदही मिळत नाही. किती वेळा सांगितलं, बप्पा, गुपित ठेवा. पण इतके दिवस घासलेली कड कुणालाच दिसणार नाही, आणि न दिसणं हेच तिचं यश, हे त्यांच्या पचनी पडत नाही. नाणं गायब करायला कोणीही करतं, चकती कोण करतंय?

शिवाय आमचे प्रेक्षकही खवट. निजामाच्या राज्यात वाढलेल्या एका आजोबांना बप्पांनी रुपया मागितला, तर ते म्हणाले, "चारमिनारवाला हाली रुपया अख्ख्या मुलखातून गायब झालेला बघितलाय. तुझं काय बघायचं?" आणि दहाचं नाणं तर आमच्या जिल्ह्यात आधीच गायब. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी 2018 मध्ये चौदाही नमुन्यांची नाणी खरी असल्याचं जाहीर केलं, पण आमचा किराणावाला रिझर्व्ह बँकेला विचारून गल्ला उघडत नाही. "हे चालत न्हाई," एवढं एक वाक्य अख्ख्या टाकसाळीला पुरून उरतं. बप्पांच्या हातातलं नाणं नाहीसं झालं की म्हणून कुणाला हळहळ वाटत नाही. बरं झालं, एक खपलं, असं वाटतं.

2019 च्या उन्हाळ्यात भूम तालुक्यातल्या एका चारा छावणीत आम्ही गेलो होतो. बप्पांच्या मेव्हण्याची जनावरं तिथं होती, आणि जनावरांबरोबर अख्खं घर. पोरांना सुट्टी, वर पत्रा, खाली शेण, करायला काही नाही. बप्पांनी खेळ लावला. ग्लास त्यांचा स्वतःचा, म्हणजे कुणाच्या तरी घरचा. फक्त पाणी मागितलं.

तिथं पाणी टँकरचं. एका बाईनं घागरीतून तांब्या भरला, ग्लासात ओतला आणि बप्पांकडं जे बघितलं त्याचा अर्थ, हे तरी गायब करू नका, असा होता. प्रयोगभर पोरांचं लक्ष नाण्याकडं नव्हतं. ती पाणी बघत होती. टण् वाजलं. रुमाल निघाला. बप्पांची बोटं सवयीनं ग्लासाकडं निघाली, तेवढ्यात पुढं बसलेल्या एका पोरानं ग्लास उचलला आणि तोंडाला लावला. बप्पा "अरं अरं" म्हणेपर्यंत पाणी संपलं होतं. मग त्यानं ग्लास पार उलटा केला, झटकला.

काही पडलं नाही. दोन सपाट काचांमध्ये पाण्याचा पातळ थर राहिला की त्या एकमेकींना सोडत नाहीत. बप्पांनी सहाणेवर केलेलं काम ग्लासाच्या तळाला चिकटून बसलं होतं. पोरानं ग्लासात डोळा घालून बघितलं, शेजारच्याला दाखवलं. ग्लास सगळ्या पोरांच्या हातातून फिरला. कुणाला काही दिसलं नाही.

मी बप्पांकडं बघत होतो. आता सांगणार, कड दाखवणार. ओठ हलले. हा माणूस इतकी वर्षं आमचे ग्लास का पळवतो ते मला त्या क्षणी मान्य झालं, आमच्या घरचा चौथा ग्लास धरून. बप्पांनी ग्लास परत घेतला, पिशवीत टाकला, आणि तोंडातून शब्द काढला नाही. मग पोराच्या कानामागून दहाचं नाणं काढून त्याच्या हातावर ठेवलं.

पोरानं ते उलटंपालटं केलं आणि परत दिलं.

"हे चालत न्हाई. ह्याची नोट करून दावा."

काकूंनी भाजीला दिलेली दहाची नोट बप्पांच्या वरच्या खिशात होती. ती त्यांनी रुमालाखालून इतक्या गबाळेपणानं काढली की गुरंसुद्धा फसली नसती, पण पोरगं नोट घेऊन छावणीबाहेरच्या टपरीकडं पळालं. परतीच्या एसटीत बप्पा बराच वेळ खिडकीबाहेर बघत गप्प होते. वाशी मागं पडल्यावर म्हणाले, "त्या नव्या नोटेची लांबी-रुंदी किती असंल रं?"