मुलगा मास्तर आहे, पण कसला?

अहो वहिनी, पाणी राहू दे त्या जास्वंदीला, जरा इकडे कुंपणाशी या. कोपऱ्यावरच्या काकूंच्या भाचीचं स्थळ फिसकटलं, कळलं का? मध्यस्थानं सांगितलं, मुलगा मास्तर आहे. काकू खूश, हायस्कुलात असणार, पगार बँकेत. बघायला गेल्या तर दारात ही भली मोठी पाटी आणि ओसरीवर ढोल! मुलगा बँडमास्तर. लग्नसराईत त्याची तारीख मिळत नाही म्हणे. काकूंनी चहासुद्धा अर्धा टाकला. आता मला सांगा, मध्यस्थ खोटं कुठं बोलला?

या सांगलीत मास्तर काय थोडे आहेत? स्टेशनात स्टेशनमास्तर, पोस्टात पोस्टमास्तर. तमाशाच्या फडात पेटीमास्तर. आणि शिंप्याकडे बघा हो, मशिनीवर चार माणसं मान मोडून बसलेली असतात, पण ते कारागीर. मास्तर एकच, गळ्यात टेप अडकवून कात्री चालवतो तो. माप त्याचं, बेत त्याचा, ब्लाऊज तंग झालं तर शिव्याही त्यालाच. मुंबईच्या गिरण्यांत जॉबरच्या वर विव्हिंग मास्तर असायचा, त्याला बघून सगळं खातं गप्प व्हायचं. बेस्टच्या बसमध्ये तर कंडक्टरला हाक मारताना मी माझ्या कानांनी ऐकलंय, “मास्तर, एक दादर द्या.” पुस्तक नाही, फळा नाही, तरी मास्तर.

रिंगमास्तर? तो तर आपल्या घरचा! विष्णुपंत छत्रे इथल्या अंकलखोपचे, सर्कशीचा खेळ आपल्याकडे सुरू केला तो त्यांनी. पुढं म्हैसाळच्या देवलांची सर्कस निघाली. आमच्या सासूबाई सांगायच्या, वाघ बघायला गर्दी आणि टाळ्या मात्र चाबूकवाल्याला.

नाटकातला मास्टर मात्र वेगळाच, त्याच्या हातात ना छडी ना चाबूक. नाटक कंपनीत कोवळी पोरं यायची, गोड गळ्याची, लुगडं नेसून उभी राहणारी. त्यांच्या नावामागं मास्टर लागायचं. दीनानाथ मंगेशकर तसेच मास्टर झाले. मंगेशीचे, पण संसार मांडला तो आपल्या सांगलीत. 1918 साली बलवंत संगीत मंडळी काढली तेव्हा जेमतेम सतरा-अठरा वर्षांचे. गंमत अशी, की पोरपणी चिकटलेला मास्टर मिशा आल्या तरी सुटायचा नाही. मास्टर कृष्णराव 1974 ला गेले, पंचाहत्तरी उलटून, तरी मास्टरच! पुढं सिनेमावाल्यांनी तीच रीत उचलली. सचिन लहानपणी पडद्यावर मास्टर सचिन. मुलगी असली तर बेबी. मास्टर विनायकांची नंदा बेबी नंदा. म्हणजे बाप मास्टर आणि लेक बेबी, घरात मोठं कुणी नाहीच!

आणि मास्टर विठ्ठल? 1931 चा ‘आलम आरा’, आपला पहिला बोलपट, त्याचे नायक. आपला मराठी गडी. मूकपटांत तलवारी फिरवून नाव काढलेलं. जुन्या कंपनीचा करार सोडून या बोलपटात आले म्हणून कंपनीनं कोर्टात खेचलं. यांचे वकील कोण होते ओळखा. बॅरिस्टर जीना! हो हो, तेच. खटला जिंकले, पण बोलपटात बोलायचीच पंचाईत. बिचाऱ्यांना संवाद बेताचेच दिले.

आणि मिस्त्री? तोही याच गोतातला. गोव्यात पोर्तुगीज आले, त्यांचा ‘मेस्त्र’ आपल्याकडे मेस्त्री-मिस्त्री झाला. माझी नणंद सावंतवाडीला आहे, ती सुताराला मेस्त म्हणते. इंग्रजांकडून आलेला मास्तर आणि पोर्तुगिजांकडून आलेला मिस्त्री, मूळ एकच. एकाच्या वाट्याला खडू आला, दुसऱ्याच्या थापी.

बायकांचं मात्र बघा. मला अख्खी गल्ली मास्तरीणबाई म्हणायची, का तर हे शाळेत. मी चौथीच्या वर कुणाला शिकवलं नाही, तेही माझ्याच पोरांना. आणि जी खरोखर वर्गावर उभी राहून घसा फोडते ती नुसती ‘बाई’! आता तर मॅडम.

पण माझं खरं दुखणं आहे ते शाळेतल्या मास्तराचं. नारायण सुर्वे एवढे मोठे कवी, महापालिकेच्या शाळेत शिकवायचे. त्यांच्या बायकोनं, कृष्णाबाईंनी, आत्मचरित्राला नाव दिलं ‘मास्तरांची सावली’. कवींची नाही, मास्तरांची. आणि आता शाळेत जाऊन कुणाला मास्तर म्हणून हाक मारा बरं! तोंड असं होईल, जसं काही उसने पैसे मागितले. हेडमास्तरांचे मुख्याध्यापक झाले, मास्तरांचे सर झाले. लोकही कमी नाहीत. मास्तरडा म्हणतात, मास्तरकी म्हणतात ती नाक मुरडूनच. यांच्या पहिल्या पगारात महिन्याचं वाणसामान धड यायचं नाही, दुकानदार उधारीची वही पुढं करायचा. तेव्हा मास्तर म्हटलं की लोकांना झिजलेली चप्पल आणि मोडकी छत्री दिसायची. वेतन आयोग आले, पगार वाढले, आणि पगाराबरोबर नावही बदलून घेतलं. गरिबी पगाराची होती वहिनी, बदनाम शब्द झाला.

शिंप्याला कधी लाज वाटली? बँडवाल्याला वाटली? त्यांनी पाटीवर मोठ्या अक्षरांत मास्तर लिहून घेतलं, कारण ज्याच्या हाती कसब आणि ज्याच्या शब्दावर चार माणसं चालतात तो मास्तर, हे त्यांना नीट कळलंय. शाळेवाल्यांनी हातचा मान उगाच सोडला. आणि काकूंनीही चांगलं स्थळ घालवलं, हे मी त्यांच्या तोंडावर सांगणार आहे.