गटाराचे तोंड कुठे उघडते?

उन्हाळ्यात भोकरदन तालुक्यात किती टँकर लागले, हे प्रशासनाला तोंडपाठ असते. गावातून रोज किती टँकर सांडपाणी वाहून जाते, ते मात्र कुणी मोजत नाही.

हिशेब अवघड नाही. जलजीवन मिशनने 2019 मध्ये माणशी रोज 55 लिटर पाण्याचे उद्दिष्ट ठरवले. वापरलेल्या पाण्यातले साधारण 80 टक्के सांडपाणी होते, म्हणजे माणशी 44 लिटर. 5,000 वस्तीच्या गावात रोज 2 लाख 20 हजार लिटर झाले. दहा हजार लिटरचे बावीस टँकर! नळ घरोघर पोचवताना या बावीस टँकरांची सोय कुठे केली?

याच तालुक्यातले केदारखेडा पूर्णा नदीच्या काठी आहे. काठावरच्या गावांना सोपी वाट दिसते: सिमेंटचे गटार बांधा, उतार नदीकडे द्या, उद्घाटन करा. गल्ली कोरडी झाली, काम संपले. पण पूर्णा पुढे खडकपूर्णा धरणात जाते, तिथून येलदरीत. त्या धरणांचे पाणी माणसेच पितात. आपल्या दारातली घाण दुसऱ्याच्या हंड्यात ओतणे याला विकास म्हणता येणार नाही.

शहरासारखा मोठा प्रक्रिया प्रकल्प लहान गावाला परवडत नाही, आणि त्याची गरजही नाही. वीजबिल थकले की असले यंत्र बंद पडते. गावाला पेलणारा उपाय मराठवाड्यातच घडला आहे. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीने घरोघर शोषखड्डे घेतले. सुमारे 4 फूट लांब-रुंद-खोल खड्डा, मध्ये भोके पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगड आणि वरून झाकण. साबण-खरकट्याचा गाळ टाकीत बसतो, पाणी जमिनीत मुरते. डबकी गेली, डास हटले. पुढे हाच उपाय ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून ओळखला गेला.

पण नक्कल डोळसपणे करा. नुसत्या काळ्या मातीत पाणी मुरत नाही. खड्डा मुरमापर्यंत गेला पाहिजे. विहीर आणि बोअरपासून तो लांब हवा. टाकीतला गाळ वेळच्या वेळी काढायला हवा, नाहीतर वर्षभरात खड्डा तुंबतो आणि लोक ‘योजना फसली’ म्हणून मोकळे होतात. ज्यांच्या दारात जागा नाही, त्यांच्यासाठी सार्वजनिक खड्डा. त्यातूनही उरेल ते पाणी गटाराच्या शेवटी स्थिरीकरण तळ्यात, म्हणजे सांडपाणी साठवून निवळू देणाऱ्या तळ्यात सोडा, नदीत नव्हे.

आणि एक गोष्ट ठणकावून सांगतो. शौचालयाच्या टाकीचा पाइप गटारात सोडणे बंद झालेच पाहिजे. मोरीचे पाणी निराळे, मैल्याचे निराळे. दोन्ही एकत्र वाहू लागले, की हागणदारीमुक्तीचा फलक वेशीवर राहतो आणि हागणदारी गल्लीतून वाहते. दोन खड्ड्यांचे शौचालय असेल तर हा प्रश्नच येत नाही.

पैसा नाही, हे उत्तर चालणार नाही. स्वच्छ भारत मिशनच्या 2020 मध्ये मंजूर झालेल्या दुसऱ्या टप्प्यात 5,000 पर्यंतच्या गावांना सांडपाण्यासाठी माणशी 280 रुपयांपर्यंत तरतूद झाली. 5,000 वस्तीला ही रक्कम 14 लाखांपर्यंत जाते. त्यातला 30 टक्के वाटा ग्रामपंचायतीने वित्त आयोगाच्या निधीतून घालायचा होता. सरकारने सांडपाण्यासाठी वेगळा पैसा ठेवला होता, हे गावाने विसरू नये. आपल्या गावाला त्यातले किती आले आणि कशावर खर्चले, हे दप्तर मागून बघा.

ग्रामसभा तुमची आहे. पुढच्या सभेत एकच ठराव मांडा: नवे गटार कुठे संपणार आणि त्यातले पाणी कुठे मुरणार, हे नकाशावर दाखवल्याशिवाय मंजुरी मिळणार नाही.