शापाची सोय

रविवारी दुपारी आमच्या हॉलमध्ये शिरायचं असेल तर आधी दारातल्या चपला मोजाव्या लागतात. पाच जोड दिसले की मुकाट्याने मागच्या दाराने स्वयंपाकघर गाठावं, कारण आत कुठल्यातरी गुहेत कुणीतरी मरणाच्या दारात असतं. परवा मी विसरून सरळ आत गेलो तर एकदम ओरडा झाला, "काका, हलू नका!" मला वाटलं, विंचू. पायाशी वीस बाजूंचा निळा फासा पडला होता. त्यावर सतरा आहेत की सात, हे चार डोकी वाकून ठरवेपर्यंत मी एक पाय वर करून बगळ्यासारखा उभा.

हा खेळ म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो काढला, आणि फिरत फिरत पन्नासेक वर्षांनी बजाजनगरात मोहटादेवी चौकाच्या पुढे आमच्या घरी पोचला. पट नाही, सोंगट्या नाहीत. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, कागदावर त्याची कुंडली मांडायची आणि 'मी आता दार लाथेने उघडतो' असं तोंडाने सांगायचं. दार उघडलं की पाय मुरगळला, ते फासा सांगतो. दाराआड काय आहे हे फक्त खेळ चालवणाऱ्याला ठाऊक. त्याला ते डीएम म्हणतात. आमच्याकडे हे खातं माझ्या भाचीकडे आहे. ती इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि मेसची भाजी सोसत नाही म्हणून आमच्याकडे राहते. पहिल्याच रविवारी मी बायकोला म्हणालो, ही भातुकलीच आहे, फक्त हिशेबाची वही ठेवलेली.

त्या वहीत प्रत्येक पात्राचे सहा गुण असतात : बळ, चपळाई, दम, बुद्धी, शहाणपण आणि छाप. बुद्धी आणि शहाणपण वेगवेगळे मोजतात, यावर मी जाम खूश झालो. मी तीस वर्षं वाळूजमध्ये शिफ्ट सांभाळली. तिथे या दोन्हींचा एकच रकाना होता आणि त्यात बहुतेक सगळे पास व्हायचे.

मूळ रीत अशी, की एकेका गुणासाठी तीन साधे फासे टाकायचे. तीनपासून अठरापर्यंत काहीही पडू शकतं. सहसा दहा-अकराच्या आसपास पडतं. तिन्ही फाशांवर सहा पडून अठरा व्हायचे, तर 216 वेळांत एकदा. रांजणगावहून येणाऱ्या एका पोराच्या रुद्रसेन नावाच्या योद्ध्याकडे अठरा चारदा होते.

"फासे कुठे टाकलेस?" भाचीने विचारलं.

"घरी."

"कुणी पाहिलं?"

"आजीने."

आजीच्या शब्दाबाहेर कोण जाणार? रुद्रसेन खेळात आला आणि खेळ संपला. गुहेत राक्षस दिसायचा, रुद्रसेन फासा टाकायचा, राक्षस नसायचा. बाकीचे तिघं चिवडा खायचे. त्यातल्या एका मुलीने फार हौसेने आपलं पात्र गोंधळी घेतलं होतं. संबळ वाजवून सोबत्यांना बळ द्यायचं, शत्रूला भुलवायचं, अशी तिची कामगिरी. पण संबळ खांद्याला अडकवेपर्यंत पुढे प्रेतं पडलेली. तीन रविवार ती बिचारी संबळ न वाजवता घरी गेली.

त्रास देणारे बाकीचेही होते, पण ते किरकोळ. एक चोर होता, तो शत्रूला सोडून आपल्याच माणसांच्या पिशव्या कापायचा आणि वर म्हणायचा, "माझं पात्रच तसं आहे, मी काय करू?" एकजण नियमांचं पुस्तक मांडीवर घेऊनच बसायचा. पान, परिच्छेद, ओळ. स्टँडिंग ऑर्डरची चोपडी खिशात घेऊन फिरणारे कामगार प्रतिनिधी मी पाहिलेत, त्यामुळे तो मला जवळचा वाटला.

चौथ्या रविवारी भाची स्वयंपाकघरात येऊन माझ्यासमोर बसली. "मामा, काय करू हो याचं? मोठा राक्षस आणला तर तो बाकीच्यांना एका फटक्यात मारतो. छोटा आणला तर हा त्याला मारतो."

तिने वाचून काढलं होतं, की खुद्द गायगॅक्ससाहेबांनाही हीच पीडा झाली होती. आमचं पात्र कुणालाच हार जात नाही म्हणून मिरवणाऱ्या खेळाडूंसाठी त्यांनी एक थडगं रचलं. 1975 मध्ये एका संमेलनात ते पहिल्यांदा खेळवलं आणि 1978 मध्ये छापलं. त्यात तलवारीचं काम जवळजवळ नाहीच. जिथे हात घालाल तिथे सापळा. भाचीने आमच्याकडेही तसलं एक थडगं मांडून पाहिलं. त्यात गोंधळी मेली, चोर मेला, पुस्तकवाला परिच्छेद शोधता शोधता मेला. रुद्रसेन जखमी.

मला आमची गल्ली आठवली. आमच्या लहानपणी लिंबूटिंबूची सोय होती. धाकट्या भावंडाला खेळायला घ्यायचं, पण त्याच्यावर राज्य यायचं नाही. तो कच्चा लिंबू. दुबळ्याचा बंदोबस्त झाला. दांडग्याचं काय? तर त्याचीही सोय होती, फक्त तिला कुणी नाव दिलं नव्हतं. क्रिकेटमध्ये चेंडू थेट कंपाउंडबाहेर गेला तर आऊट. जगात सगळीकडे ज्याला सहा धावा, त्याला आमच्याकडे घरचा रस्ता. आम्ही समजायचो, काचा फुटू नयेत म्हणून हा नियम. आता वाटतं, दहावीतल्या पोराबरोबर पाचवीतल्यांनी कसं खेळावं, याचं ते उत्तर होतं. बॅट ज्याची, त्याची बॅटिंग पहिली, यावर मात्र आम्हाला कधीच उतारा सापडला नाही.

आणि दुसरी आठवली ती असेंब्ली लाइन. 1985 साली बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला सुरू झाला, त्याच्या आधाराने सुटे भाग करणारे छोटे-मोठे कारखाने उभे राहिले. त्यातल्याच एकात मी. आमच्या पाचव्या स्टेशनवर एक ऑपरेटर होता, हाताला बिजली. बाकीच्यांना चाळीस सेकंद लागायचे तिथे तो पंचवीसमध्ये मोकळा. साहेब येताजाता त्याची पाठ थोपटायचे. पण पाचव्या आणि सहाव्या स्टेशनमधल्या रॅकवर जॉबचा ढीग चढत जायचा, मग रॅकखाली, मग चालायच्या पट्ट्यावर. सहावीवरचा माणूस घामाघूम, त्याच्या हातून नट राहून जायचे, आणि शिव्या त्यालाच. लाइन तेवढीच धावते जेवढं तिचं सगळ्यात संथ स्टेशन. त्याच्या मागचा वेग म्हणजे नुसता ढीग. हे मला कळायला दोन महिने लागले. शेवटी सहावीवरचे दोन नट काढून पाचवीवर दिले. बिजली आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. ढीग गेला.

"म्हणजे त्याचे आकडे कमी करू?" भाचीने विचारलं.

नको. आकडे कमी केले की पोरगं आजीची साक्ष काढणार. मी म्हटलं, व्यासांनी काय केलं बघ. कर्णाचा कागद काढ. जन्मजात कवच, कुंडलं, सूर्याचा मुलगा, परशुरामाचा चेला. असल्या गड्याला पहिल्या दिवसापासून मोकळा सोडला असता तर अठरा पर्वं कशाला लागली असती? पण व्यासांनी त्याचं बळ कुठे कमी केलं? त्यांनी शाप दिले. ऐन वेळी विद्या आठवणार नाही, हा एक. रथाचं चाक रुतेल, हा दुसरा. कवचकुंडलं इंद्राने मागून नेली. बदल्यात शक्ती दिली ती एकदाच चालणारी, आणि ती घटोत्कचावर खर्ची पडली. वर सारथी म्हणून शल्य, तोंडाने खच्ची करणारा. हनुमानाचंही तेच. अंगात डोंगर उचलायची ताकद, पण ती असल्याचं आठवत नाही; जांबवंताने सांगावं तेव्हा उडी. म्हणजे म्हाताऱ्या अस्वलालाही कथेत काम मिळालं! आपल्याकडे शापाला आपण उगाच वाईट समजतो. तो बाकीच्यांना पाळी मिळावी म्हणून केलेला बंदोबस्त आहे.

पुढच्या रविवारी गुहेत एक जख्ख म्हातारी बसली होती. रुद्रसेनने सवयीने तिच्यावर तलवार उपसली. म्हातारी म्हणाली, "जोवर संबळ वाजत नाही, तोवर तुझा हात उठणार नाही."

"कामून?" रुद्रसेन ओरडला. "हा रडीचा डाव आहे!" पुस्तकवाल्याने पुस्तक चाळलं, म्हातारीबद्दल काही सापडेना. पोराने कागद दुमडला, चप्पल घातली आणि ओट्यावर जाऊन मोबाइल काढून बसला.

याही गोष्टीचा दाखला आमच्या जिल्ह्यात दगडात आहे. वेरूळच्या एकवीस नंबरच्या लेण्यात, रामेश्वरमध्ये, शंकर-पार्वती सारीपाट खेळताहेत आणि खाली नंदीशी गणांचा दंगा चाललाय. कथेत शंकर हरतो, होतं नव्हतं ते सगळं हरतो आणि रुसून रानात निघून जातो. साक्षात देवाधिदेव, पण डाव गेल्यावर ओट्यावरच. मग पार्वती भिल्लीण होऊन त्याला परत आणते. आमच्याकडे भिल्लिणीचं काम कांदाभज्यांनी केलं. पहिला घाणा निघाला तसा रुद्रसेन दारात. "नुसतं बघतो," म्हणाला.

आता पावसाळा सुरू झालाय. बाहेर पंढरपूरच्या रस्त्याला आषाढीची गर्दी, आत तीन डोक्यांचा नाग. मी चहाचा ट्रे घेऊन उभा होतो. नागाने चोराला विळखा घातलेला, पुस्तकवाला खाली पडलेला, आणि रुद्रसेन चार अठरा घेऊन जागच्या जागी गुडघ्यावर उड्या मारतोय.

"अगं वाजव ना! वाजव ना लवकर!"

गोंधळी मुलीने निळा फासा मुठीत घेतला, कानाशी नेऊन हळूच खुळखुळवला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "काका, आधी चहा द्या."