दोन हजार नव्वद टप्पे

मुंबईहून न्यूयॉर्क किती लांब, हा प्रश्न आमच्या घरात कुणी सहज म्हणून विचारू नये. काका एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेत. हयात साताऱ्याच्या स्टँडवर गेली, त्यामुळे अंतर म्हटलं की आधी टप्पे. मुलाने तिकडे बोलावलं, तेव्हा मी माहिती पुरवली: हवाई अंतर साधारण १२,५४० किलोमीटर. टप्पा सहा किलोमीटरचा. कॅलेंडरच्या पाठीवर भागाकार झाला. "दोन हजार नव्वद टप्पे. जेवायला कुठे थांबते?"

कुठेच थांबत नाही, हे त्यांना पटेना. त्यात तिकिटं आली. पहाटे दोनला निघून सकाळी आठला पोच. परतीचं दुपारी बाराला सुटून दुसऱ्या दिवशी साडेअकराला मुंबई.

"जायला सहा तास आणि यायला साडेतेवीस? येताना पंक्चर गृहीत धरलंय की काय?"

उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं (हिवाळ्यात साडेदहा, हे मी मुद्दामच बोललो नाही). हिशेब केला तर जायला साडेपंधरा तास, यायला चौदा. हा दीड तास कुठे गेला? वर पश्चिमेकडून पूर्वेला वाऱ्याचा झोत वाहतो, जेट स्ट्रीम म्हणतात त्याला. येताना तो पाठीशी, जाताना समोरून.

"मग असं सांग ना, जाताना खंबाटकीचा घाट चढायचा."

खरी खडाजंगी रूटवरून. काकांनी भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली: सौदी अरेबिया, इजिप्त, मोरोक्को, पुढे समुद्र, की न्यूयॉर्क. मी माळ्यावरचा पृथ्वीगोल काढला. काकूच्या शिवणाच्या डब्यातला दोरा मुंबईवर अंगठ्याने दाबला आणि दुसरं टोक न्यूयॉर्कवर धरून ताणलं. दोरा पट्टीची वाट सोडून सरकत वर गेला. कॅस्पियन समुद्राचं उत्तर टोक, हेलसिंकीच्या जवळून नॉर्वे, आइसलंड, आणि ग्रीनलंडच्या शेपटाला चाटून खाली. गोलावर सगळ्यात जवळचा रस्ता हाच. काका दोऱ्याकडे संशयाने बघत राहिले. काकू म्हणाली, "एवढ्या थंडीतून? स्वेटर हातातल्याच पिशवीत ठेवते."

पण दोरा जातो तसं विमान जाईलच असं नाही. पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, आणि अमेरिकी कंपन्यांना रशियाचं आकाश २०२२ पासून बंद. वळसा घालायचा म्हणजे वेळ वाढतो, इंधनही वाढतं. आणि ते जास्तीचं इंधन वाहून न्यायलाच आणखी इंधन जळतं. इथे काका पहिल्यांदा मवाळ झाले. दरड कोसळली, रास्ता रोको झाला, की गाड्या वळवायच्या, यातच त्यांची सगळी नोकरी सरली.

"वाढीव टप्प्यांचं भाडं कोण भरतं?"

"तिकिटातच धरतात."

"चोर आहेत."

फलाटावरून हलल्यापासून पलीकडच्या फलाटाला लागेपर्यंतचा वेळ वेळापत्रकात धरतात, हे मात्र त्यांना एकदम मान्य. आमच्यासारखंच, म्हणाले. मग आवाज खाली आणून त्यांनी मुख्य शंका काढली: एवढे तास ड्रायव्हर जागा राहतो का? एवढ्या लांबच्या फेरीला सहसा चार वैमानिक असतात, पाळीपाळीने झोपतात, त्यांना वेगळे बंक असतात, असं मी सांगितलं.

काकांनी चष्मा काढला. "चार ड्रायव्हर! आणि डबल बेल द्यायला एक कंडक्टर नाही?"