सव्वाअठरा लिटरचा फ्लॅट

संगणकाचं लहान कॅबिनेट ही जगभर हौशी लोकांची चैन आहे. ज्यांच्या टेबलावर मुबलक जागा असते तेच जास्त पैसे मोजून लहान डबा घेतात आणि त्याचे फोटो काढत बसतात. दुबईतल्या देऱ्यात मात्र ती गरज आहे. रिग्गा, मुरक्काबात, नाईफ, मोहल्ला कुठलाही. एका हॉलचे प्लायवूडने पाडलेले चार भाग, त्यातल्या एका भागात दुमजली पलंग, पलंगाखाली बॅग, बॅगेवर तांदळाची पिशवी. इथे देवरुखचा नाहीतर इचलकरंजीचा एखादा पोरगा दिवसभर कुणाच्या तरी व्हॅटच्या नोंदी करून येतो आणि रात्री गेम खेळायला संगणक जोडायचा म्हणतो. टॉवर ठेवायचा तर पाय कुठे ठेवायचे हा प्रश्न. लॅपटॉप घे म्हणावं, तर त्यात पुढे काही बदलता येत नाही, आणि हा गडी दर बोनसला एकेक भाग बदलणार असतो. (बोनस येत नाही, तो भाग वेगळा.) शिवाय कधीतरी गाशा गुंडाळून गावी जायचंच आहे, तेव्हा डबा बॅगेत बसला पाहिजे. लॅपटॉपला भारतीय कस्टमची सवलत आहे, डब्याला नाही, हे त्याला मुंबईच्या विमानतळावर कळेल. आत्ताच कशाला सांगा!

मग सुरू होतं लिटरचं गणित. संगणक जोडणाऱ्यांच्या जमातीत कॅबिनेट लिटरमध्ये मोजतात. मदरबोर्ड मिनी-आयटीएक्स, म्हणजे १७० मिलिमीटर लांब आणि तेवढाच रुंद. व्हिया कंपनीने २००१ साली हे माप काढलं तेव्हा त्यावर कुणी साडेचारशे वॅटचं ग्राफिक कार्ड टोचेल, असं तिच्या स्वप्नातही नसावं. वीस लिटरच्या आत बसलं की ‘छोटं’, दहाच्या जवळ गेलं की लोक तुमच्याकडे आदराने बघतात. फ्रॅक्टलचं टेरा साडेदहाच्या किंचित आत, १०.४ लिटर. कूलर मास्टरचं २०२० सालचं एनआर२०० सव्वाअठरा लिटर. देऱ्यातल्या प्रत्येक बिऱ्हाडात पिण्याच्या पाण्याची जी पाच गॅलनची निळी बाटली उलटी टांगलेली असते, ती १८.९ लिटरची. म्हणजे अख्खा संगणक त्या बाटलीत मावला आणि वर पेलाभर नव्हे, चांगली अर्धा लिटर जागा उरली.

दुकानं खाडीपलीकडे. देऱ्यात सोनं, केशर, अत्तर, मोबाइलची कव्हरं, सगळं मिळतं. पण संगणकाच्या सुट्या भागांसाठी बर दुबईत खालिद बिन वलीद रस्ता गाठावा लागतो. अल ऐन सेंटर, अल खलीज सेंटर ही तिथली जुनी ठिकाणं. एक दिरहम देऊन अबऱ्यात, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीत बसायचं. अबऱ्याला भिंती नाहीत, म्हणून ऑगस्टातही खाडीवरचा वारा अंगाला लागतो. हवा कशी खेळवावी याची एक दिरहमात शिकवणी चालू असते आणि आमचा विद्यार्थी मोबाइलवर काचेच्या कॅबिनेटचे फोटो सरकवत असतो.

दुकानात पहिला प्रश्न पंख्यांचा नसतो, लायटिंगचा असतो. विक्रेताही तयारीचा. ‘भाई, तीनों साइड ग्लास है.’ तीन बाजूंनी काच म्हणजे त्या तिन्ही बाजूंनी हवेला मज्जाव. पण हवा दिसत नाही आणि लाइट दिसतात, तेव्हा सौदा लाइटचा होतो.

काचेशी माझं वैर नाही. मोठ्या टॉवरमध्ये काच परवडते, कारण बाजूला हवेला वळसा घालायला जागा असते. लहान डब्यात ग्राफिक कार्डाचे पंखे बाजूच्या पत्र्यापासून बोटभर अंतरावर असतात. त्या पत्र्याला जाळी असेल तर कार्ड थेट बाहेरची ताजी हवा ओढतं. काच असेल तर स्वतःचाच उच्छ्वास परत परत पितं आणि पंखे किंचाळायला लागतात. वर सांगितलेल्या एनआर२००ची ‘पी’ ही थोरली आवृत्ती आहे. कंपनीने तिच्या खोक्यात काचेची बाजूही दिली आणि जाळीची बाजूही. इतका सुज्ञपणा कंपन्या सहसा दाखवत नाहीत. पण माझ्या पाहण्यात तरी काच डब्याला लागते आणि जाळी पलंगाखाली, तांदळाच्या पिशवीमागे जाते.

याच कंप्युटर गल्लीपासून पायी जाण्याच्या अंतरावर फहिदी मोहल्ला आहे, पूर्वीचा बस्तकिया. इराणच्या दक्षिणेतून आलेल्या व्यापाऱ्यांनी तिथे घरांवर वाऱ्याचे मनोरे बांधले. त्यांना बरजील म्हणतात. मनोरा चारी बाजूंनी उघडा, आत तिरपी फुलीसारखी भिंत. ज्या बाजूने वारा येईल त्या बाजूने तो खाली खोलीत उतरतो, उलट्या बाजूने गरम हवा वर निघून जाते. आत येणारी वाट आणि बाहेर जाणारी वाट एकाच खांबात, तीही विजेशिवाय. ज्यांच्याकडे मनोऱ्याचे पैसे नव्हते ते खजुराच्या झावळ्यांच्या घरात राहत, अरीश म्हणत त्याला. झावळ्यांच्या फटींतून वारा येई. आजच्या कॅबिनेटांच्या भाषेत मेश फ्रंट, म्हणजे जाळीचं तोंड. अर्थात झावळ्यांना आगीचं भय होतं; १८९४ च्या आगीत देऱ्यातली बहुतेक घरं जळून गेली. पण हवा कोंडून घेण्याचा मूर्खपणा त्यांनी केला नव्हता. त्याला एसी आणि काच हाताशी यावी लागली.

बड्या बड्यांनीही हा मूर्खपणा केला आहे, तेव्हा देवरुखच्या पोराला एकट्याला बोल लावू नये. ॲपलने १९८० मध्ये ॲपल थ्री काढला. पंख्याचा आवाज स्टीव्ह जॉब्जना खपेना, म्हणून पंखाच नाही. आत तापून चिप आपल्या जागेवरून सैल व्हायच्या, आणि त्यावर ॲपलकडून मिळालेला उपाय असा की यंत्र दोन-तीन इंच उचला आणि सोडून द्या. पुढे २००० साली त्याच घराण्याचा पंख्याविना क्यूब आला, वर्षभरात गुंडाळला गेला. २०१३ मध्ये काळा नळकांड्यासारखा मॅक प्रो आला. चार वर्षांनी कंपनीनेच पत्रकारांना बोलावून कबूल केलं की उष्णतेच्या बाबतीत आपण स्वतःला कोपऱ्यात कोंडून घेतलं. एनझेडएक्सटीच्या एच१ या उभ्या लहान डब्याची तऱ्हा आणखी निराळी. तिथे हवा नव्हे, एक स्क्रू नडला. ग्राफिक कार्डाची जोडणी करणारं राइजर कार्ड डब्याला जखडणाऱ्या स्क्रूमुळे शॉर्टसर्किट होऊन आग लागण्याचा धोका निघाला आणि २०२१ मध्ये डबे परत मागवावे लागले. दाटीवाटीत एक स्क्रूसुद्धा माणसाइतकीच जागा अडवतो.

आता जाळी लावली असं समजू. मग प्रोसेसरचा कूलर. एनआर२०० मध्ये १५५ मिलिमीटर उंचीचा कूलर उभा राहतो, म्हणजे जवळजवळ मोठ्या टॉवरचाच ऐवज. दहा लिटरवाल्यांना बोटभर जाडीच्या चपट्या कूलरवर भागवावं लागतं. नॉक्टुआचा एनएच-एल९ तर ३७ मिलिमीटरचाच. आठ लिटर वाचवायचे आणि बदल्यात प्रोसेसरच्या डोक्यावर विमानाचा आवाज घ्यायचा, हा व्यवहार ज्याला जमतो त्याने खुशाल करावा. पंखे खालून आत, वरून बाहेर, कारण गरम हवेला तसंही वरच जायचं असतं. आत ओढणारे पंखे बाहेर फेकणाऱ्यांपेक्षा थोडे वरचढ ठेवले, तर धूळ फटींतून न येता गाळणीतूनच येते. दुबईत ती गाळणी महिन्यातून एकदा झटकावी. वाळवंटाची धूळ पिठासारखी बारीक असते आणि भाडं न देता राहते.

एवढं करूनही एक गोष्ट कुठलाही विक्रेता सांगणार नाही. हवेने थंड होणारं यंत्र खोलीपेक्षा थंड होऊ शकत नाही. कॅबिनेटच्या चाचण्या बावीस-चोवीस अंशांच्या खोलीत होतात. तुमच्या पार्टिशनमध्ये बत्तीस असतील तर तो फरक जसाच्या तसा प्रोसेसरच्या माथी बसतो. आजचे प्रोसेसर पंच्याण्णव ते शंभर अंशांच्या घरात पोचले की आपणहून वेग कमी करतात. अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात उघड्यावरच्या कामगारांना दुपारी साडेबारा ते तीन सक्तीची विश्रांती असते. प्रोसेसर कायद्याची वाट बघत नाही, स्वतःच मस्टर सोडून बसतो. आणि मालक म्हणतो, गेम अडकतोय, नवीन कार्ड घ्यायला हवं.

नवीन कार्ड म्हणजे जास्त वॅट, आणि वॅट म्हणजे शेवटी उष्णता. आरटीएक्स ४०६० हे ११५ वॅटचं, ५०९० हे ५७५ वॅटचं. चांगलं कॅबिनेट ही उष्णता नाहीशी करत नाही; ते फक्त तिला तत्परतेने बाहेर काढतं. कॅबिनेट जितकं उत्तम, तितकी खोली लवकर तापते. परीक्षणांत हे वाक्य नसतं, कारण परीक्षण करणाऱ्यांच्या खोलीला चार खऱ्या भिंती आणि एक खिडकी असते.

देऱ्यातल्या पार्टिशनची रचना बघा. प्लायवूड छतापर्यंत नेत नाहीत, वर हातभर मोकळं सोडतात, कारण हॉलचा एसी एकच असतो आणि त्याचा वारा चौघांत वाटायचा असतो. खिडकी पहिल्या भाडेकरूकडे, एसीचा झोत दुसऱ्याकडे, बाकी दोघांना उरलंसुरलं. कॅबिनेट बनवणाऱ्याने ही योजना काढली असती तर बाजारात तिला एक तारा मिळाला असता. २०२५ च्या जूनमध्ये दुबई म्युनिसिपालिटीने रिग्गा, मुरक्काबात, सतवा, बर्शा आणि रफ्फा भागांतल्या बेकायदा पार्टिशनांविरुद्ध मोहीम उघडली, कारण आगीचा आणि सुरक्षेचा धोका. भिंती पडल्या. हवा खेळू लागली असेल, पण भाडं मात्र डब्यासारखं लिटरवर आलं नाही, आणि बाहेर पडलेली माणसं दुसरीकडे कुठे मावली हे कुठल्या तक्त्यात छापलेलं नाही.

तेव्हा खरेदीचा माझा सल्ला एवढाच. सव्वाअठरा लिटर पुरे, दहाचा हट्ट सोडा. जाळी लावा, काच पलंगाखाली टाका. वीजपुरवठ्याचा डबा एसएफएक्स मापाचा घ्या, म्हणजे वायरींना श्वास घ्यायला जागा उरेल. आणि शंभर-दीडशे वॅटच्या वरचं कार्ड घेणार असाल, तर बिलावर वरच्या बंकवर झोपणाऱ्याची सही घ्या. गरम हवा वर जाते. त्याला ग्राफिक कार्ड म्हणजे काय ते माहीत नाही, सकाळी पाचला त्याची ड्यूटी आहे, आणि इथल्या तीन खाचांच्या प्लगपॉइंटला शेजारीच बटण असतं.