जलंबला मेंढ्या नसतात

बुलढाण्याला रेल्वेने जायचं म्हणजे मलकापूरला उतरायचं आणि एसटी धरून घाट चढायचा. जिल्ह्याचं ठिकाण असून गावाला रूळ नाहीत. चिखली, मेहकर, सिंदखेडराजा यांचीही तीच गत. भुसावळ–बडनेरा मार्ग मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव असा घाटाखालूनच निघून जातो. जलंबहून १३ किलोमीटरची एक फांदी तेवढी खामगावला येते आणि तिथेच संपते. ती १८७० साली कापसासाठी टाकली. उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता. त्यानंतर ती तसूभर पुढे सरकलेली नाही. खामगाव–जालना मार्गाची मागणी ब्रिटिश अमदानीपासूनची. तिच्यासाठी सर्वेक्षणं इतकी झाली की जमीन मोजून मोजून झिजली असावी.

अशा स्थितीत जो इसम पुण्यातल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये, रात्रीची भांडी घासून झाल्यावर, संगणकावरच्या ट्रेन सिम्युलेटरमध्ये हा मार्ग स्वतःच टाकायला बसतो, त्याला या मार्गदर्शनात ‘साधक’ म्हटलं आहे. साधक मूळचा चिखलीचा. पुढचे नियम त्याच्या तीन वर्षांच्या चुकांमधून काढलेले असल्याने पूर्णपणे विश्वसनीय आहेत.

नियम पहिला. आपण कोणत्या देशात आहोत हे आधी पाहून घ्यावं.

‘ट्रेन्झ’ नावाचा खेळ २००१ साली ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनच्या ऑरन या कंपनीने काढला. तेव्हापासून हौशी मंडळींनी त्यासाठी झाडं, घरं, फलाट, गुरंढोरं घडवून ठेवली, आणि त्यात ऑस्ट्रेलियाचा माल सढळ. नवखा साधक तो फुकट मिळतो म्हणून पोत्याने उचलतो. या साधकाचं पहिलं जलंब जंक्शन असंच उभं राहिलं: तांबडी माती, निलगिरीचं बन, पाणी उपसणारी लोखंडी पवनचक्की, आणि फलाटामागच्या कुंपणात दोनशे मेंढ्या. दिवाळीला घरी गेल्यावर त्याने ते मोठ्या कौतुकाने आईला दाखवलं. आईने चष्मा लावला.

‘हे जलंब व्हय? इतक्या मेंढ्या तं धनगराच्या बी नसतात रे बाप्पा.’

त्याच रात्री मेंढ्या काढल्या. नियम मात्र राहिला.

नियम दुसरा रुळांच्या रुंदीचा आहे. ऑस्ट्रेलियात प्रत्येक वसाहतीने आपापल्या मर्जीने रूळ टाकले: क्वीन्सलँडमध्ये १०६७ मिलिमीटर, न्यू साउथ वेल्समध्ये १४३५, व्हिक्टोरियात १६००. आपला ब्रॉडगेज १६७६. क्वीन्सलँडचा तयार रूळ घेऊन त्यावर आपला डबा ठेवला, तर चाकं दोन्ही अंगांनी रुळाबाहेर लोंबतात. गाडी तरीही धावते, कारण संगणकाला लाज नसते. साधकाने ती बाळगावी.

नियम तिसरा: मातीचा फोटो ढगाळ दिवशी काढावा. उन्हात काढला तर ढेकळांच्या सावल्याही फोटोत येतात, आणि खेळातला सूर्य मावळतीला गेला तरी त्या सावल्या सकाळच्याच राहतात. आपल्या काळ्या मातीला मे महिन्यात हातभर भेगा पडतात. त्या दाखवायचा मोह होतोच. पण फोटोचा तुकडा जमिनीवर पसरताना तीच भेग दर दहा मीटरवर पुन्हा उगवते आणि शेताची फरशी होते. म्हणून ठळक भेग पुसावी, बारीक ठेवाव्यात, आणि तुकड्याच्या चारही कडा एकमेकींना जुळतात ना ते आधी तपासावं. हा एक नियम तरी साधकाला पहिल्याच महिन्यात कुणीतरी सांगायला हवा होता.

आता झाडं. इथे घाई करू नये.

सिम्युलेटरमधलं झाड म्हणजे बहुधा झाड नसतंच. झाडाचा फोटो चिकटवलेले दोन उभे पत्रे एकमेकांत फुलीसारखे घुसवलेले असतात. प्रत्येक पत्र्याचे दोन त्रिकोण. चार त्रिकोणांत आख्खा लिंब. त्रिकोण मोजून वापरावेत, नाहीतर गाडी जलंबला पोचेपर्यंत संगणकाचा पंखा विमानासारखा घोंगावू लागतो. जवळून दिसणारं झाड नीट घडवावं, लांबून दिसणारी त्याची ओबडधोबड प्रत वेगळी करावी. मैलभर अंतरावर पान मोजायला कुणी येत नाही. निलगिरी यात सोपी नाही. तिची पानं लोंबतात, उन्हाकडे कड करून राहतात, म्हणून तिची सावली विरळ पडते आणि फांद्यांतून आभाळ दिसतं. फोटोतून ती आभाळाची भोकं कापायला ज्याला कंटाळा येतो, त्याच्या निलगिरीचा फ्लॉवर होतो. लिंबाला हा त्रास नाही. लिंब म्हणजे गच्च हिरवा गोळा, आणि त्याखाली उभी मोटारसायकल.

राहिली बाभूळ. रुळाच्या कडेने, नाल्यात, बांधावर सगळीकडे तीच. तिच्यावाचून घाटाखालचा प्रदेश ओळखूच येत नाही. साधक तिच्यासाठी सलग दोन महिने झटला: पिवळी फुलं, पांढुरके काटे, मण्यांची माळ असावी तशा शेंगा. मग त्याला भलतीच गोष्ट कळली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही आपली बाभूळ सावलीसाठी आणि जनावरांच्या चाऱ्यासाठी क्वीन्सलँडला नेऊन लावली होती. तिथे ती इतकी माजली की लाखो हेक्टर कुरणं तिने गिळली, आणि आज ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय पातळीवरच्या उपद्रवी तणांत तिचं नाव आहे. म्हणजे आपण त्यांच्या निलगिरी सामाजिक वनीकरणात लावाव्यात आणि त्यांनी आपल्या बाभळी उपटत बसावं! साधकाने आपली बाभूळ तिकडे पश्चिम क्वीन्सलँडचा मार्ग घडवणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांना पाठवून दिली. त्यांनी ती बघताक्षणी ओळखली, तिला दोन शिव्या हासडल्या, आणि रुळाच्या दोन्ही बाजूंना लावून टाकली. बदल्यात त्यांनी पाण्याची एक पत्र्याची टाकी पाठवली. ती आता नांदुऱ्याच्या अलीकडे उभी आहे. खारपाणपट्टा असल्याने ती रिकामी आहे असं समजावं.

पाचवा की सहावा नियम स्टेशनच्या पाटीचा. पिवळी जमीन, काळी अक्षरं, खाली समुद्रसपाटीपासूनची उंची. आपल्याकडे एकच नाव देवनागरीत दोनदा लिहिलेलं असतं, एकदा मराठीत, एकदा हिंदीत. जागा वाचवायला म्हणून त्यातलं एक गाळू नये. फाटकाआधीची ‘सी/फा’ची पाटीही विसरू नये. ती वाचून चालक शिट्टी देतो. लहानपणी मात्र साधकाला ते एखाद्या पक्ष्याचं नाव वाटायचं.

शेगावच्या फलाटावर कचोरी हवी, यावर वाद नाही. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मांनी या स्टेशनावर जी कचोरी रुजवली, तिच्याशिवाय शेगाव स्टेशन म्हणजे नुसती शेड. पण कचोरी गोल असते. समोसा असता तर मोजक्या त्रिकोणांत भागलं असतं. गोलाईला बाजू कमी दिल्या की कचोरीचा नटबोल्टातला नट होतो. जास्त दिल्या की एका परातीचा भार शंभर लिंबांपेक्षा जास्त. अनुभवी माणूस परातीत कचोऱ्यांचा फोटो चिकटवून मोकळा होतो. साधकाने प्रत्येक कचोरी सुटी घडवली. तळताना एका बाजूने किंचित जास्त लाल झालेलीही एक आहे. चालकाच्या खिडकीतून ती दिसत नाही. कुठूनच दिसत नाही. यावर त्याच्याशी बोलू नये, तो चिडतो.

आणि शेवटी घाट, ज्यासाठी हा सगळा खटाटोप.

खामगावपर्यंत सगळं सपाट, उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ. ती रेघ वेगळी बनवून मार्गापासून लांब उभी करावी. खामगाव सोडलं की दक्षिणेला घाट. जिल्ह्याची विभागणीच ‘घाटाखाली’ आणि ‘घाटावर’ अशी आहे, मग ती सोयरीक असो की निवडणूक. चिखलीपर्यंत चढ तीनशे मीटरच्या आसपास. शंभर मीटर गेल्यावर एक मीटर चढ, हा माफक हिशेब धरला तर चढायलाच तीस किलोमीटर रूळ लागतो. भोर घाटात तो सदतीसाला एक आहे, पण तिथे गाडीला मागून इंजिनं जोडावी लागतात. साधकाने उपग्रहावरून मोजलेल्या उंच-सखल आकड्यांवर रूळ वळवत, कुठे डोंगर कापत, कुठे भराव घालत तीन पावसाळे काढले. भूसंपादन लागलं नाही. मोबदला द्यावा लागला नाही. मोर्चा एकही नाही.

चिखली स्टेशन त्याने जलंबवरून बेतलं, कारण खरं चिखली स्टेशन नावाचं काही नाहीच, ज्याचा फोटो काढावा. फक्त पाटीवरचं नाव बदललं, आणि फलाटावर एक पिंपळ. पुढे सिंदखेडराजाला लखुजी जाधवांच्या राजवाड्याचा दरवाजा गाडीतून दिसेल अशा बेताने रूळ वळवला. हे वळण कोणत्याच सर्वेक्षणात बसायचं नाही.

गेल्या उन्हाळ्यात पहिली गाडी खामगावहून चिखलीला आली. बाबा शेजारी खुर्ची ओढून बसले. जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेला माणूस. खामगाव–जालनाच्या बातम्यांची कात्रणं त्यांनी किती वर्षं ठेवली, ते त्यांनाच माहीत. गाडी थांबली. दारं उघडली. बाभळीची सावली डब्यावर पडली, दुपारी पडते तशीच.

‘किती मिनिटं थांबते इथं?’

‘दोन.’

‘दोन मिन्टांत काय व्हते बे? म्हातारी माणसं चढतीन कशी?’

साधकाने वेळापत्रक उघडलं आणि दोनाचे पाच केले. मग पुढच्या प्रत्येक स्टेशनची वेळ तीन मिनिटांनी सरकवत पहाटे दोनपर्यंत बसला.